मुंगुसाची उडी

दामोदरांच्या पेणच्या कारखान्यात आजवर गणपती आणि गणपतीचा उंदीर एवढंच घडत आलं होतं. या दिवाळीला मात्र दाराजवळच्या फळीवर मुंगूस उभे राहिले. शाडूचे, वीतभर उंच, डोक्यावर पोस्टमनची टोपी, खांद्याला झोळी आणि शेपटी अशी मागे ताणलेली की आत्ता उडी घेतील. सुरभीने, त्यांच्या लेकीने, गेम काढला होता आणि त्या गेमचा नायक हा मुंगूस होता. ओळखीतला जो कोणी गेम घेईल त्याला एक मुंगूस भेट द्यायचा, ही कल्पना दामोदरांची. साचाही त्यांनीच केला आणि डोळेही त्यांनीच आखले.

दिवाळी झाली, तुळशीची लग्नं झाली, थंडी पडली. फळीवरची गर्दी काही हलली नाही. आत शिरताना सुरभी आताशा डावीकडे बघत यायची, कारण मुंगूस उजवीकडे होते.

"काय गो सुरभी," रंगकाम करणाऱ्या मालूमावशी एक दिवस म्हणाल्या, "तुझं पावनं जायचं नाव घेत नाय. जेवायला तरी घालते का त्यांना?"

आसपासच्या बायका हसल्या. मालूमावशींच्या मनात काही वाईट नव्हतं, उलट सुरभीचं अवघडलेपण जावं म्हणूनच त्या बोलल्या होत्या. सुरभीही हसली. मग पाणी प्यायच्या निमित्ताने मागच्या दाराने बाहेर गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

सुरभी भौतिकशास्त्र शिकलेली. कॉलेजातल्या अद्वयबरोबर तिने रोह्याला, पुलापलीकडच्या अष्टमी गावात, मोबाइलच्या दुकानावरची एक खोली भाड्याने घेतली होती. ती प्रोग्रॅम लिहायची, तो चित्रं काढायचा. दोघं मिळून 'डाव'साठी गेम करत. डाव हा पुण्याच्या एका कंपनीचा टीव्हीला जोडायचा कन्सोल. दिसायला साधा, किमतीला हलका, आणि खोक्यात चार कंट्रोलर. घरोघरी लोक त्यांना रिमोटच म्हणत. दर दिवाळीला कंपनी एका छोट्या जोडीचा गेम आपल्या पहिल्या पानावर लावायची. तो चालला तर ती जोडी कंपनीची कायमची, नाही चालला तर पुढच्या वर्षी दुसरं कोणीतरी. मागच्या माघात ही संधी यांच्याकडे चालून आली.

अद्वयकडे गेम तयार होत होता. 'भरती' त्याचं नाव. रोह्याच्या कुंडलिकेसारखी एक खाडी, तिच्यात एक होडी, होडीत चौघे, चौघांच्या हातात एकेक वल्हं. चौघांनी लय धरली तरच होडी सरळ जायची, नाहीतर जागच्या जागी गोल फिरायची. आणि खाडीचं पाणी खऱ्या चंद्राच्या हिशोबाने चढायचं-उतरायचं. बाहेर ओहोटी असेल तर गेममध्येही ओहोटी.

"ओहोटीला होडी रुतली की करायचं काय?" सुरभीने विचारलं होतं.

"चिंबोऱ्या पकडायच्या. नाहीतर वाट बघायची."

"पैसे मोजून लोक वाट बघणार? त्यासाठी एसटी स्टँड आहे की."

अद्वय ओशाळून हसला होता. त्याच आठवड्यात कंपनीच्या निलेशचा फोन आला. ऑर्बिट नावाच्या महागड्या परदेशी कन्सोलवर एका गेमने धुमाकूळ घातला होता. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, सगळे त्याला नुसतं 'कोल्हा' म्हणत. शहराच्या छपरांवरून उड्या मारत पार्सलं पोहोचवणारा कोल्हा. निलेश म्हणाला, "तुम्ही काय करायचं ते तुम्ही ठरवा. पण आपल्याकडे कोल्ह्यासारखं काही नाही, एवढंच सांगतो."

एवढं पुरेसं होतं. सुरभीच्या डोळ्यांपुढे झोक्यावरचा गणपती उभा राहिला.

ती शाळेत असताना शेजारच्या कारखान्याने झोक्यावर बसलेला गणपती काढला आणि तो हातोहात गेला. विसर्जनाच्या आधीच बाबांनी तसा एक विकत आणून टेबलावर ठेवला. त्यावरून साचा घेतला. वाळताना माती आकसते, म्हणून तयार मूर्तीवरून घेतलेल्या साच्यातली मूर्ती मूळ मूर्तीपेक्षा थोडी लहान उतरते आणि नाकडोळे बोथट होतात. सुरभीने हे तेव्हा पट्टी लावून बघितलं होतं आणि बाबांना दाखवलंही होतं. बाबा म्हणाले, "गिऱ्हाईक दोन गणपती शेजारी ठेवून थोडंच बघतंय?" पुढच्या वर्षी पेणातल्या निम्म्या कारखान्यांत झोके होते आणि सगळ्यांचे सगळे झोके गेले. कोणी कोणाला चोर म्हटलं नाही. चाललेलं मॉडेल दुसऱ्या वर्षी सगळ्यांचं होतं, ही तिथली रीतच.

"तुझी होडी पळून जात नाही," तिने अद्वयला सांगितलं. "आधी आपल्याला कायमचं होऊ दे. लोकांना काय आवडतं ते समोर दिसतंय, मग अंदाज कशाला बांधायचा?"

"पण ज्यांना कोल्हा पाहिजे..." अद्वय म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "बरं. निदान एकदा हातात घेऊन खेळूया तरी. पनवेलच्या मॉलमध्ये ऑर्बिट मांडून ठेवलाय."

"व्हिडिओ आहेत ना ढीगभर. उडीची उंची, हवेतला वेळ, सगळं त्यावरून मोजता येतं. खेळून जे कळेल ते अंदाजाचं, मोजून जे कळेल ते खरं."

तिने मोजलं. एकेक चित्र थांबवून, कोल्ह्याच्या पायाखाली रेघ मारून. आलेख इतका सुरेख आला की तिने तो खोलीच्या भिंतीवर चिकटवला. अद्वयने 'भरती' बंद केली आणि मुंगूस काढायला घेतला. त्याने काही कुरकुर केली नाही. सुरभीच्या मोजमापावर त्याचा कॉलेजपासून विश्वास होता. पुढे तिला सगळ्यांत जास्त टोचलं ते हेच.

दिवाळीला मुंगूस आला. पहिले दोन दिवस विक्रीची रेघ चढली आणि मग जमिनीला टेकली ती टेकलीच. कोणीतरी एक व्हिडिओ केला: डाव्या बाजूला कोल्हा, उजव्या बाजूला मुंगूस, दोघांची एकाच वेळी उडी. खाली हिंदीत 'गरिबांचा कोल्हा' अशा अर्थाचं लिहिलं होतं. त्यावर हसणाऱ्यांची रांग लागली होती.

तो व्हिडिओ सुरभीला दाखवला बाबांनीच. कोणीतरी त्यांना पाठवला होता. "हे बघ, तुझा मुंगूस फोनवर आलाय," म्हणत ते कारखान्यातून लगबगीने घरात आले, आणि दोघांनी तो एकत्र पाहिला. बाबांना हिंदी चांगलं वाचता येत असे. शेवटी त्यांनी फोन खिशात टाकला. म्हणाले, "टोपी मात्र झकास दिसते." आणि जेवायला न थांबताच परत गेले.

दुसऱ्या दिवशी सुरभी पनवेलला गेली. मॉलमध्ये ऑर्बिटपुढे शाळेतल्या मुलांची रांग होती, त्यात ती उभी राहिली. जो गेम तिने महिनोन्‌महिने मोजला तो तिने त्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतला. पहिलंच छप्पर. तिने बटण जरा उशिरा दाबलं, कोल्ह्याचे पाय कड सोडून हवेत गेले होते. आता पडणार. पण कोल्हा पडला नाही, त्याने उडी घेतली. तिने मुद्दाम पुन्हा उशीर केला. पुन्हा उडी. कड सुटल्यावरही कोल्हा क्षणभर खेळणाऱ्यासाठी थांबत होता. त्यामुळेच खेळताना आपण फार चपळ आहोत असं वाटायचं. तिच्या मुंगुसाला अशी माफी ठाऊक नव्हती. पाय सुटला की तो खाली.

व्हिडिओत कोल्हा दिसतो. बटणावरचं बोट दिसत नाही.

"ताई, झालं का? आमचा नंबर आहे," मागचा मुलगा म्हणाला. तिने कंट्रोलर ठेवला. अद्वयने अगदी सुरुवातीलाच सांगितलं होतं, एकदा हातात घेऊन खेळूया.

घरी येऊन तिने मुंगुसाला तेवढाच दम धरायला शिकवलं आणि सुधारलेला गेम चढवला. आता नक्की फरक पडेल, असं तिने स्वतःला बजावलं. काही पडला नाही. जी चूक तिला सापडली होती ती खरी होती, पण खरी मेख दुसरीकडेच होती, आणि तिला ती दिसत नव्हती.

अशात निलेशचा फोन आला. सुरभी कारखान्याच्या मागच्या दारात उभी होती.

"वर मीटिंग आहे, काहीतरी कारण द्यावं लागेल," तो म्हणाला. "मला वाटतं, कल्पना बरोबर होती. ड्रॉइंग कमी पडलं का? अद्वयचं?"

आतून मालूमावशींचं हसू ऐकू येत होतं. फळीवरच्या मुंगुसांच्या टोप्यांची रांग इथूनही दिसत होती. सुरभीला एकाएकी वाटलं की निदान एका माणसाने तरी आपल्याला दोष देऊ नये.

"असेल," ती म्हणाली.

"मग असं करू. पुढच्या वेळी तुझं नाव ठेवतो, तुला दुसरा आर्टिस्ट बघून देतो. प्रोग्रॅमिंगला कोणी नावं ठेवलेली नाहीत."

ती नको म्हणाली नाही. हो म्हणाली असंही नाही. फोन ठेवला तेव्हा तोंडात खडूची पूड गेल्यासारखं झालं होतं. पुढचे काही दिवस ती अष्टमीला गेलीच नाही. बाबांना मदत आहे, असं अद्वयला कळवलं. तो "बरं" म्हणाला.

मग वालाच्या शेंगा भरल्या, त्या मडक्यात भाजून पोपटी करायचे दिवस आले आणि अद्वयचा निरोप आला. आईने पोपटीला बोलावलंय, संध्याकाळी वरशाला आमच्या घरी ये.

न जाण्याचं कारण सुचेना. रोह्याच्या गाडीत ती सबंध वाट खिडकीबाहेर बघत बसली. नागोठणं गेल्यावर तिने मनाशी अद्वयला सांगायचं वाक्य जुळवायला घेतलं, निडी स्टेशन येईपर्यंत मोडलं.

अद्वयची आई मालतीबाई शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या परसात मडकं उलटं ठेवून वर पाचोळा रचलेला होता, अद्वय जाळ घालत होता. धुराला भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास होता. त्याने हात वर केला. "आत जाऊन बस. अजून वेळ आहे."

आत टीव्हीपुढे दंगा चालला होता. मालतीबाई, अद्वयचा मोठा भाऊ प्रविण, त्याची मुलगी पिंकी आणि शेजारच्या प्रतिक्षावहिनी, चौघांच्या हातात चार रिमोट. पडद्यावर होडी. 'भरती'. अद्वयने घरच्यांसाठी अर्धीमुर्धी लावून दिलेली. होडीला रंगही पुरता दिलेला नव्हता.

"प्रविण, तू उलटं मारतोयस," मालतीबाई म्हणाल्या. "शाळेतही असाच होतास."

"आई, मी बरोबर मारतोय, वहिनी झोपल्यात."

"व्हय तर," प्रतिक्षावहिनी म्हणाल्या, "मीच एकटी घाम गाळतेय हितं."

होडी गर्रकन फिरली आणि चिखलात रुतली. ओहोटी लागली होती. पिंकीने दोन चिंबोऱ्या पकडल्या, तिसरीने नांगीत तिलाच पकडलं. सगळे हसले.

"आता पाणी कधी चढणार?" प्रविणने विचारलं.

"सातच्या सुमारास," मालतीबाई म्हणाल्या. "तोवर पोपटी खाऊन घेऊ. पण सातला सगळ्यांनी इथे हजर राहायचं, मागच्या खेपेसारखं नाही." आणि त्यांनी रिमोट खाली ठेवला.

लोक वाट बघणार? असं तीच म्हणाली होती.

"काकू," सुरभीने विचारलं, "मुंगूस नाही खेळत तुम्ही?" विचारायचं नव्हतं, तोंडून गेलं.

मालतीबाई म्हणाल्या, "खेळले ना गं. पहिल्याच दिवशी घेतला. पण तो एकट्याने खेळायचा. मी खेळायची आणि बाकीचे बघत बसायचे, मग एकेक उठून जायचे. आणि सारखी पडायची मी. म्हटलं, आपलीच बोटं म्हातारी झाली."

"तुमची बोटं ठीक आहेत, काकू," सुरभी कशीबशी म्हणाली.

"मला कोल्हा आवडतो," पिंकी म्हणाली. "मामाकडे ऑर्बिट हाय. सुट्टीत तिकडंच खेळते मी. मुंगूस पण तसाच हाय, मग परत काय खेळायचं?"

"पिंकी," प्रविणने दटावलं.

"बोलू दे तिला," सुरभी म्हणाली.

डावचं रिकामं खोकं टीव्हीच्या कपाटावर होतं. त्यावर छापलेलं चित्र तिने दोन वर्षं रोज पाहिलं होतं. चार माणसं, एक सतरंजी, चार रिमोट. ज्यांना कोल्हा हवा होता ते ऑर्बिटकडे गेले होते, आणि कोल्हा त्यांच्याकडे होताच. ज्यांनी हे खोकं घरी आणलं त्यांना चौघांनी मिळून बसायचं होतं. आणि त्यांना तिने दिला एकट्याचा मुंगूस. झोक्यावरचा गणपती सगळ्यांचा खपला, कारण दर भाद्रपदात जुना पाण्यात जातो आणि घराला नवा लागतो. कोल्ह्याचं विसर्जन झालेलं नव्हतं. तो घरोघरी होता तिथेच होता, तिच्या मुंगुसाशेजारी ठेवून बघण्यासाठी.

इतकं साधं होतं. अद्वयचं ते अर्धं राहिलेलं वाक्य इथेच येऊन संपत होतं. भिंतीवर आलेख चिकटवण्याच्या नादात तिने त्याला ते पुरं करायला कधी सांगितलं नव्हतं. आणि वर 'असेल' म्हणाली होती. ज्याची होडी याच खोलीत सगळ्यांना हसवत होती, त्याच्याबद्दल.

ती पुढच्या अंगणात गेली आणि निलेशला फोन लावला.

"ड्रॉइंग कमी पडलं नव्हतं," ती म्हणाली. "मी त्या दिवशी खोटं बोलले. नक्कल करायचं मी ठरवलं. अद्वयकडे आपल्या लोकांसाठीचा गेम होता, तो मी बंद पाडला. कोल्हा हातात न घेता मी त्याची उडी मोजली."

"अगं, मी वर कळवलंय."

"मग पुन्हा कळवा."

"त्याने तुझंही नाव जाईल."

"जाऊ दे. त्याचं ठेवा. 'भरती' एकदा मागवून बघा, पण चौघांनी बसून. एकट्याने नाही कळणार."

"मी शब्द देत नाही," निलेश म्हणाला. "पाठवायला सांग त्याला. बघतो."

ती वळली तर अद्वय पाठीमागे उभा होता, हातात राखेने माखलेली काठी. मडकं उघडायला बोलवायला आला होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"अद्वय, मी निलेशला..."

"माहीत आहे. त्याने त्याच संध्याकाळी मला फोन केला होता. सुरभी असं म्हणते, म्हणाला."

म्हणजे इतके दिवस त्याला ठाऊक होतं. आणि तरी त्याने बोलावलं होतं. सुरभीला पायाखालची जमीन सोडून कुठे बघावं कळेना.

"बोलला का नाहीस मग?"

"तू बोलशील म्हणून थांबलो." तो काठीने मातीत रेघा ओढत राहिला. "मला राग आलाय. अजूनही आहे. आईला यातलं काही सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस." मग म्हणाला, "चल, वाल निवतील."

पोपटी खाऊन झाली. सातला पाणी चढलं. प्रविणला कोणाचा तरी फोन आला, तेव्हा पिंकीने चौथा रिमोट सुरभीच्या हातात दिला. तिचं वल्हं पहिल्यापासून चुकत होतं. होडी वाकडीतिकडी पुढे गेली.

पेणला परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ती कारखान्यात उजवीकडच्या फळीपाशी उभी राहिली. बाबा हातातलं काम टाकून आले. त्यांनी बहुतेक बरेच दिवस हे मनात घोळवलं होतं.

"मी काय म्हणतो, शेपट्या छाटल्या की उंदीर होतील. टोपी खरवडायची. माघी गणपतीला लागतातच उंदीर."

त्यांनी पातं दिलं. सुरभीने एक मुंगूस घेतला, शेपटी कापली, टोपी खरवडली आणि समोर धरला.

मालूमावशींनी मान तिरकी केली. "ह्यो उंदीर नाय गो. ह्यो बोडका मुंगूस हाय."

"लांबून नाय कळत," बाबा म्हणाले.

"कळतं, बाबा." ती म्हणाली. हे डोळे त्यांनी आखले होते. "भिजवू का?"

बाबांनी तो बिनशेपटीचा मुंगूस तिच्या हातून घेतला, फिरवून पाहिला. "भिजव," ते म्हणाले. "माती तर चांगली हाय."

तिने टपात पाणी भरलं आणि एकेक मुंगूस आडवा सोडला. आधी रंग वर आला, मग शेपट्या सुटल्या. टोप्या बराच वेळ टिकल्या. मालूमावशी शेजारी येऊन बसल्या आणि चिखल ढवळू लागल्या.

"मग आता काय काढणार?" बाबांनी विचारलं.

"मी नाही. अद्वयचा गेम आहे, कंपनीने घेतला तर. त्याने मला कामाला ठेवलं तर मी त्यात वल्ह्याचे आवाज करीन."

"प्राणी हाय का त्यात कोणता?"

"चिंबोरी."

बाबांनी टपातून मातीचा एक गोळा उचलला आणि तळहातावर चपटा केला. अंगठा आपोआप चिंबोरीच्या पाठीचा फुगीर आकार दाबू लागला.

"आत्ता नको, बाबा," सुरभी म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, गोळा पुन्हा पाण्यात सोडला आणि हात धुवायला गेले.